सही नातेवाइकाची, शरीर रुग्णाचे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गंभीर आजारी असलेल्या वृद्ध रुग्णाने डॉक्टरांनी सुचवलेल्या उपचाराला होकार दिला, तर त्याची निर्णयक्षमता शाबूत आहे की नाही, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. तोच रुग्ण ‘नको’ म्हणाला की मात्र चक्रे फिरू लागतात. मुलांना बाजूला घेऊन ‘यांना सगळं कळतंय ना?’ अशी विचारणा होते, मानसोपचारतज्ज्ञांना बोलावणे जाते आणि केसपेपरवर ‘रुग्ण सहकार्य करत नाही’ अशी नोंद पडते. मी भूलतज्ज्ञ होतो. शस्त्रक्रियेआधी संमतिपत्रावरची सही शेवटची पाहणारा माणूस बहुधा भूलतज्ज्ञच असतो, आणि त्या जागेवरून नोकरीभर जे दिसत राहिले ते आपल्या वाचकांपुढे मांडावे म्हणून हे पत्र लिहीत आहे. क्षमतेची शंका आपण रुग्णाच्या आकलनावरून घेत नाही, त्याच्या उत्तरावरून घेतो, अशी माझी तक्रार आहे. त्यामुळे ज्याला पुरते समजलेले आहे त्याचा नकार डावलला जातो, आणि ज्याला काहीच उमगलेले नाही त्याने नुसती मान डोलावली तरी तिलाच संमती मानून पुढची तयारी सुरू होते.

हा दुसरा प्रकार बराच अधिक घडतो, पण त्याचा गाजावाजा होत नाही, कारण होकार देणाऱ्याशी कोणाचेच भांडण नसते. ‘लॅन्सेट’मध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात, तातडीने दाखल झालेल्या वैद्यकीय रुग्णांपैकी किमान ४० टक्के रुग्णांकडे उपचारांबाबत निर्णय घेण्याची क्षमता नसल्याचा अंदाज निघाला, आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या ही गोष्ट क्वचितच लक्षात आली होती. पुढे २०११ साली ‘जामा’ या नियतकालिकात अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. त्यात वैद्यकीय विभागांत दाखल असलेल्यांपैकी साधारण २६ टक्के रुग्ण निर्णय घेण्यास असमर्थ आढळले, आणि अशांपैकी जेमतेम ४२ टक्के डॉक्टरांना ओळखता आले होते. याच आढाव्यातला आणखी एक आकडा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. निरोगी वृद्धांमध्ये हे प्रमाण अवघे २.८ टक्के होते. म्हणजे क्षमता हिरावून घेतो तो आजार, वय नव्हे, आणि ‘आता त्यांचं वय झालं, त्यांना काय विचारायचं’ या वाक्याला वैद्यकशास्त्राचा कोणताही आधार नाही.

निर्णयक्षमता ही रक्तगटासारखी एकदा ठरली की कायमची अशी गोष्ट नाही. ती त्या निर्णयापुरती आणि त्या वेळेपुरती असते. ज्या रुग्णाला घराच्या वाटणीचे कागद समजणार नाहीत, त्याला ‘सलाईनची सुई या हातात नको, त्या हातात लावा’ हे व्यवस्थित ठरवता येते. आणि डायलिसिस सुरू करावे की नाही हा प्रश्न या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असतो. पॉल अॅपलबॉम आणि थॉमस ग्रिसो यांनी १९८८ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये यासाठी ज्या चार कसोट्या मांडल्या, त्या आजही जगभर वापरल्या जातात. रुग्णाला सांगितलेली माहिती समजली का, ती आपल्याच बाबतीत खरी आहे हे त्याला उमजले का, पर्यायांची तुलना करून तो काही कारण देऊ शकतो का, आणि आपली निवड तो सांगू शकतो का, एवढेच त्यात पाहायचे असते. यातली दुसरी कसोटी सर्वांत फसवी आहे. ‘पायाला गँग्रीन झाले आहे, पाय काढला नाही तर जिवाला धोका आहे’ हे वाक्य एखादा रुग्ण जसेच्या तसे म्हणून दाखवतो, आणि लगेच ‘माझा पाय तर चांगला आहे, उद्या घरी जाईन’ असेही म्हणतो. त्याचे पाठांतर उत्तम आहे, पण ते सारे स्वतःविषयी आहे हे त्याच्यापर्यंत पोहोचलेले नाही. अशा रुग्णाने संमतिपत्रावर वळणदार सही केली, म्हणून ती संमती होत नाही.

या कसोट्या सोडून आपण काय विचारतो? आज वार कोणता, शंभरातून सात वजा करत खाली या, हे तीन शब्द लक्षात ठेवा. १९७५ साली मार्शल फोल्स्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेली ही तीस गुणांची चाचणी आपल्या जागी उपयोगाची आहे. फारच कमी गुण पडले तर शंका रास्त ठरते, उत्तम गुण पडले तर ती बरीचशी दूर होते, पण मधल्या गुणांवरून निर्णयक्षमतेबद्दल काहीच सांगता येत नाही, आणि नेमके मधलेच गुण मिळवणारे रुग्ण आपल्यापुढे सर्वांत जास्त असतात. इस्पितळात आठवडाभर पडून असलेल्या माणसाला वार सांगता आला नाही, यात नवल ते काय? राऊंडला येणाऱ्या निवासी डॉक्टरांचाही कित्येकदा वार चुकतो.

इंग्लंडमधील एका जुन्या निवाड्याची इथे आठवण करून देतो. तो १९९० च्या दशकाच्या सुरुवातीचा आहे. कडक बंदोबस्ताच्या मनोरुग्णालयातील ६८ वर्षांच्या एका रुग्णाच्या पायाला गँग्रीन झाले. गुडघ्याखाली पाय कापला नाही तर वाचण्याची शक्यता सुमारे १५ टक्के आहे, असे शल्यविशारदांचे मत होते. रुग्णाला स्किझोफ्रेनिया होता आणि आपण स्वतः थोर डॉक्टर आहोत अशी त्याची पक्की समजूत होती, तरीही ‘दोन पायांनी मरेन, पण एका पायाने जगणार नाही’ अशा अर्थाची भूमिका त्याने शांतपणे आणि सातत्याने घेतली. न्यायालयाने त्याचा आजार बाजूला ठेवून एवढेच पाहिले की, या एका निर्णयापुरती माहिती त्याला समजते का, तिच्यावर त्याचा विश्वास बसतो का आणि तिचे तारतम्य तो करू शकतो का. उत्तर होकारार्थी आले आणि त्याच्या लेखी संमतीशिवाय पाय कापण्यास मनाई झाली. तो माणूस पुढे वाचला, पण निवाडा बरोबर ठरला तो त्यामुळे नव्हे. तो दगावला असता तरी निवाडा बरोबरच असता, आणि हे मान्य करणे आम्हा डॉक्टरांना सर्वांत जड जाते. इंग्लंड आणि वेल्ससाठी २००५ साली झालेल्या मानसिक क्षमता कायद्यात पुढे हेच तत्त्व आले: प्रत्येक प्रौढ व्यक्ती सक्षम आहे असे गृहीत धरायचे, तिला निर्णय घेता यावा म्हणून शक्य ती सगळी मदत आधी करायची, आणि निर्णय शहाणपणाचा वाटला नाही एवढ्या कारणाने तिला असमर्थ ठरवायचे नाही. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातही असेच म्हटले आहे की, व्यक्तीचा निर्णय इतरांना अयोग्य वाटतो म्हणून तिला क्षमता नाही असे मानता येत नाही.

‘शक्य ती सगळी मदत’ या शब्दांचा अर्थ वॉर्डात किती साधा असतो, हे सांगण्यासाठी एक प्रसंग देतो. खुब्याचे हाड मोडलेल्या, ऐंशी ओलांडलेल्या एका आजींची फाइल माझ्याकडे आली, तेव्हा तिच्यावर ‘रुग्ण असंबद्ध बोलते, संमती मुलाची’ अशी नोंद होती. खाटेपाशी गेलो. आजींचे श्रवणयंत्र हरवू नये म्हणून मुलाने काढून आपल्या बॅगेत ठेवले होते, चष्मा लॉकरच्या खणात होता आणि कवळी डबीत. आदल्या रात्री वेदनेसाठी दिलेल्या इंजेक्शनची गुंगी पुरती उतरलेली नव्हती. या अवस्थेत कोणीतरी कानाशी मोठ्याने ‘ऑपरेशन करायचं ना?’ असे विचारले होते आणि आजींनी ‘हो, जेवले’ असे उत्तर दिले होते. असंबद्ध बोलणे म्हणतात ते एवढेच. दुपारी श्रवणयंत्र कानात, चष्मा डोळ्यांवर, खाट डोक्याकडून उंच केलेली आणि खिडकी उघडी, अशा स्थितीत मी त्यांना काय झाले ते विचारले. त्या म्हणाल्या, ‘हाड मोडलंय, खिळा घालणार म्हणतात. घाला, दुखणं तरी थांबेल. पण शुद्धीवर आले नाही, तर ती घशातली नळी घालून महिनाभर ठेवू नका. माझ्या बहिणीला ठेवलं होतं.’ मुलगा शेजारीच उभा होता. आईचे हे मत तो पहिल्यांदाच ऐकत होता. शस्त्रक्रियेपुरती त्याची सही आणि आईची इच्छा जुळत होती हे खरे, पण त्या इच्छेचा उत्तरार्ध त्याच्या सहीत कुठेच नव्हता.

खरोखरचा गोंधळ, ज्याला डिलिरियम म्हणतात, तो वेगळा आणि फार गंभीर. जंतुसंसर्ग, रक्तातले सोडियम घसरणे, लघवी तुंबणे, झोप न होणे, न आवरलेली वेदना, किंवा झोपेच्या आणि गुंगीच्या औषधांचा मारा, यांपैकी काहीही वृद्ध मेंदूला पुरते. सलाईन उपसून टाकणारा, रात्री ओरडणारा रुग्ण सर्वांच्या लक्षात येतो. पण कितीतरी जणांचा डिलिरियम गप्प असतो. ते निपचित पडून राहतात, विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला ‘हो’ म्हणतात, आणि सिस्टर त्यांना ‘शहाणे आजोबा’ म्हणतात. शॅरन इनौये यांनी १९९० साली तयार केलेली तपासणीची पद्धत वापरली, तर खाटेशी काही मिनिटांत हे ओळखता येते. अवस्था एकाएकी बदलली का, ती चढउतार घेते का, आणि लक्ष एका जागी टिकते का, यांवर तिची भिस्त आहे. हा चढउतार संमतीच्या दृष्टीने कळीचा आहे. सायंकाळी भिंतीवर मुंग्या दिसणारा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पूर्ण भानावर असू शकतो. निर्णयाला सकाळपर्यंतचा अवकाश असेल, तर सायंकाळीच मुलाची सही घेऊन मोकळे होण्याला काय समर्थन आहे? अर्थात, रुग्ण बेशुद्ध आहे, जीव धोक्यात आहे आणि विचारायला वेळच नाही, तेव्हा उपचार आधी करायचे; त्याबद्दल कुठेच दुमत नाही. पण या अपवादाच्या आडून नियमच गुंडाळून ठेवला जातो, हेही मी पाहिले आहे.

आता नातेवाइकांच्या सहीविषयी. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात हा मुद्दा स्पष्ट केला आहे. रुग्ण महिलेने दुर्बिणीतून तपासणी करण्यास संमती दिली होती. ती भुलीखाली असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेतली आणि गर्भाशय व बीजांडकोश काढून टाकले. रुग्ण प्रौढ आणि सक्षम होती, तिची शुद्ध तात्पुरतीच हरपलेली होती आणि लगेच काही न केल्यास जिवावर बेतेल अशी स्थिती नव्हती. त्यामुळे आईची संमती ही संमतीच नव्हे, असे न्यायालयाने ठरवले. ती रुग्ण वृद्ध नव्हती, पण वय वाढल्याने हे तत्त्व पातळ होत नाही. तरीही सत्तरी-ऐंशीच्या रुग्णाच्या फॉर्मवर रुग्णाच्या सहीची जागा कोरी आणि ‘नातेवाइकाची सही’ या जागी झोकात मारलेली सही, हे दृश्य इतके सवयीचे झाले आहे की त्यात काही वावगे आहे असे कोणाला वाटत नाही. रुग्णालयाचे गणित सरळ असते: उद्या तक्रार करील ती मुले करतील, म्हणून कागद मुलांचा हवा.

मुलांच्या बाजूनेही बोलले पाहिजे. ‘बाबांना कॅन्सरचं सांगू नका, ते खचतील’ असे म्हणणारी मुलगी बहुतेक वेळा बापावरच्या मायेने बोलत असते. आणि सगळे तपशील ऐकण्याची प्रत्येक रुग्णाची इच्छा असते असेही नाही. ‘मला काही सांगू नका, माझी मुलगी ठरवील’ असे रुग्ण स्वतः म्हणाला, तर तोही त्याचाच निर्णय आहे आणि त्याचा मान राखला पाहिजे. मात्र ते त्याच्या तोंडून यायला हवे. ‘तुमच्या आजाराविषयी सगळं तुम्हाला सांगू, की आणखी कोणाशी बोलू?’ हा प्रश्न विचारायला अर्धे मिनिट लागते. तो न विचारता त्याच्या वतीने मौन पत्करणे म्हणजे त्याचा हक्क परस्पर दुसऱ्याच्या नावे करणे होय.

शिवाय, आईवडिलांचे मन आपल्याला कळते हा मुलांचा आत्मविश्वास तपासून पाहिलेला आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात असे दिसले की, रुग्ण स्वतः काय निवडील याचा जवळच्या माणसांनी केलेला अंदाज सुमारे ६८ टक्के वेळाच बरोबर येतो. तीनांत एकदा चूक, तीही पोटच्या मुलांची किंवा जन्मभर संसार केलेल्या जोडीदाराची. यावरून नातेवाइकांना दूर ठेवावे असे मी म्हणत नाही. रुग्ण खरोखरच असमर्थ असेल, तेव्हा त्याला ओळखणारी माणसे तीच असतात. पण त्यांना विचारायचा प्रश्न बदलायला हवा. ‘तुम्हाला काय करायचंय?’ असे विचारले की मुलाच्या मनात कर्तव्य, लोक काय म्हणतील, अपराधभाव हे सगळे एकदम उभे राहते आणि तो ‘शक्य ते सगळं करा’ म्हणतो. ‘ते आत्ता बोलू शकले असते, तर काय म्हणाले असते?’ असे विचारले, तर तोच मुलगा क्षणभर थांबतो आणि एखादी जुनी, खरी गोष्ट सांगतो.

आणखी एक चूक रुग्णालाच विचारण्याच्या पद्धतीत आहे. आम्ही प्रक्रियेचे नाव घेऊन संमती मागतो: व्हेंटिलेटर लावू का, डायलिसिस करू का, पोटातून नळी घालू का. रुग्णाला त्या यंत्रांशी देणेघेणे नसते. यातून मी कसा बाहेर पडेन, हा त्याचा प्रश्न असतो. टेरी फ्राइड आणि सहकाऱ्यांनी साठी ओलांडलेल्या, मर्यादित आयुष्य उरलेल्या २२६ आजारी व्यक्तींना २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हेच विचारून पाहिले. उपचार फारसा त्रासाचा नाही आणि त्याने प्रकृती पूर्ववत होणार आहे, असे सांगितल्यावर ९८.७ टक्के लोकांना तो हवा होता. उपचार तोच, जीवही वाचणार, पण नंतर शरीर जवळजवळ परावलंबी होणार असे म्हटल्यावर ७४.४ टक्के लोकांनी तो नाकारला. आणि नंतर बुद्धी क्षीण होणार असे सांगितल्यावर तर ८८.८ टक्के लोकांनी. ज्या माहितीने जवळजवळ तीन चतुर्थांश किंवा त्याहूनही अधिक माणसांचे मत फिरू शकते, तीच आमच्या छापील संमतिपत्रांत नसते. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, भुलीचे दुष्परिणाम, मृत्यू अशी यादी असते; ‘वाचलात तरी बहुधा पुन्हा स्वतःच्या पायांनी स्वच्छतागृहात जाता येणार नाही’ हे वाक्य मात्र कुठे नसते. स्कॉटलंडमधून आलेल्या माँटगोमेरी प्रकरणात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली सांगितले की, कोणती जोखीम सांगावी हे डॉक्टरांच्या रिवाजावरून नव्हे, तर त्या विशिष्ट रुग्णाला कशाचे महत्त्व वाटेल त्यावरून ठरते. वृद्धांच्या बाबतीत हे शब्दशः घेतले पाहिजे.

निर्णय जितका धोक्याचा, तितकी क्षमतेची कसोटी कडक असावी, असे मत वैद्यकीय नीतिशास्त्रात प्रचलित आहे. मला ते तत्त्वतः पटते, पण व्यवहारात त्याचा वापर एकतर्फी होतो. धोका फक्त नकारात मोजला जातो. नव्वदीच्या, हृदय निकामी होत चाललेल्या माणसावर चार तासांची शस्त्रक्रिया करण्याला त्याने दिलेला होकारही धोक्याचाच निर्णय असतो, आणि तेथेही तितक्याच कडकपणे आकलन तपासले पाहिजे.

‘एवढा वेळ कोणाकडे आहे?’ असे माझे तरुण सहकारी विचारतील. त्यांचा ताण मला ठाऊक आहे. पण मी मागतो आहे तो तासाभराचा समुपदेशनाचा कार्यक्रम नव्हे. ऐकू येते का आणि दिसते का हे पाहणे, सकाळी बोलणे, गुंगीचे औषध देण्याआधी बोलणे, माहिती सांगून झाल्यावर ‘आता मी काय म्हणालो ते तुमच्या शब्दांत सांगा’ असे म्हणणे आणि शंका आल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारणे, याला फार तर पंधरा मिनिटे लागतात. स्मृतिभ्रंशाची सुरुवात झालेल्या रुग्णांनाही लहान वाक्यांत, एकेक मुद्दा घेऊन सांगितले, तर पुष्कळदा आपले मत नीट देता येते.

यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. रुग्णालयांनी ठरवले तर संमतिपत्राच्या नमुन्यात दोन बदल करून सुरुवात होऊ शकते. ‘नातेवाइकाची सही’ या जागेच्या वर ‘रुग्णाची सही का घेतली नाही’ असा रकाना असावा, त्यात ‘वय’ किंवा ‘आजारी’ हे कारण चालू नये आणि पाहणी करणाऱ्या डॉक्टरांचे नाव व वेळ असावी. दुसरे म्हणजे, ‘रुग्णाने स्वतःच्या शब्दांत काय सांगितले’ यासाठी चार ओळी कोऱ्या सोडाव्यात आणि त्या हाताने भराव्यात. या ओळी रिकाम्या असतील आणि शस्त्रक्रिया तातडीची नसेल, तर भूलतज्ज्ञाने रुग्णाला आत घेण्यास नकार द्यावा, आणि तसा अधिकार रुग्णालयाने त्याला लेखी द्यावा.

आपला,
एक निवृत्त भूलतज्ज्ञ